९० किलोची स्प्रिंग

‘पियाट’ चालवायच्या आधी तिची स्प्रिंग ताणावी लागायची, आणि त्याला साधारण ९० किलोचा जोर लागायचा. खांद्याला लावायच्या भागावर दोन्ही पाय रोवायचे आणि नळी वर ओढायची. समोर रणगाडा असेल तर उभं राहायची सोय नाही. मग हेच सगळं आडवं पडून. माझं वजन ६१ किलो आहे, त्यामुळे हा आकडा वाचल्यावर मी पुढची पानं जरा सावकाश वाचली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी १९४३ पासून वापरलेलं हे रणगाडाविरोधी शस्त्र. वजन साडेचौदा किलो, बनवलेले नग लाखाच्या वर. मिलिस जेफरिस या लष्करी इंजिनिअरने त्याला आकार दिला, मूळ कल्पना स्टुअर्ट ब्लॅकरची.

खरी गंमत बॉम्बमध्ये आहे. चिलखत फोडायचं तर गोळा जड आणि वेगवान हवा, म्हणजे तोफ हवी, असं जुनं गणित होतं. पण स्फोटकाच्या तोंडाशी शंकूसारखी पोकळी ठेवून तिला धातूचं अस्तर लावलं, की स्फोट ते अस्तर चेपतो आणि त्याची बारीक, प्रचंड वेगाची धार होते. ही धार चिलखत वितळवते असं बरेच व्हिडिओ सांगतात. तसं नाही, ती दाबाने धातू बाजूला सारते. यात बॉम्ब किती वेगाने येऊन आदळला याला फारसं महत्त्व उरत नाही. हळू फेकला तरी चालतो, म्हणजे एकटा माणूसही फेकू शकतो. फक्त त्या माणसाला रणगाड्याच्या शंभरेक मीटरच्या आत जावं लागतं.

पियाटच्या मागून ज्वाळा निघत नसे, त्यामुळे खोलीतूनही मारता यायचं. पहिल्या फेरीच्या धक्क्याने स्प्रिंग आपोआप पुन्हा ताणली जाणं अपेक्षित होतं. पण त्यासाठी नळी घट्ट धरलेली हवी. पकड ढिली पडली की पुन्हा ते ९० किलो, आणि आता शत्रूला तुमची जागा कळलेली. आम्ही कोडवाले याला ‘एज केस’ म्हणतो आणि पुढच्या रिलीजमध्ये बघू म्हणतो.

१२ जून १९४४, मणिपूरमधलं निंगथौखोंग. सातव्या गुरखा रायफल्सचा गंजू लामा पियाट घेऊन जपानी रणगाड्यांकडे सरपटत गेला. (मूळ नाव ग्याम्त्सो, सिक्कीमचा. भरतीच्या वेळी कारकुनाने ‘गंजू’ लिहिलं, तेच कायम राहिलं.) डावं मनगट मोडलेलं, उजव्या हातात आणि पायात जखमा. तीस यार्डांवर पोचून त्याने एक रणगाडा फोडला, मग दुसरा. बाहेर पडून पळू पाहणाऱ्यांवर त्याने ग्रेनेड टाकले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मानपत्रात हे ग्रेनेडचं वाक्यही आहे. ते मी दोनदा वाचलं, कारण तोवर माझ्या डोक्यात रणगाडा म्हणजे नुसतं लोखंड होतं.

हे सगळं मी वाचतोय कारण मला एका स्टार्टअपची ऑफर आहे. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचं लक्ष्य ओळखणारं सॉफ्टवेअर. बटण दाबलं की पुढचं ते स्वतः बघणार आणि माणूस तिथून निघून जाऊ शकणार. पगार आत्ताच्या दीडपट.

माझा मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. खांद्यावर ८४ मिलिमीटरचं रॉकेट लाँचर, स्वीडिश बनावटीच्या कार्ल गुस्टावचं भारतात बनणारं रूप. त्याच्या मागून ज्वाळा निघते आणि आवाज असा, की मामाशी आजही डाव्या बाजूला बसूनच बोलावं लागतं. त्याला ऑफरचं सांगितलं. चांगलं-वाईट याबद्दल तो काहीच बोलला नाही. साताऱ्याकडच्या त्याच्या हेलात एवढंच विचारलं, “आन् स्क्रीन बंद पडली, तर त्या पोराच्या हातात काय ऱ्हातंय?”

हा प्रश्न मी मुलाखतीत विचारला. उत्तर आलं, की नवीन आवृत्तीत बॅटरी जास्त चालते. मग मी दुसरा विचारला: समोरच्या रणगाड्यातून माणसं हात वर करून बाहेर येत असतील, तर सुटलेलं क्षेपणास्त्र वळवता येतं का? तिथले सिनिअर जरा थांबले, म्हणाले, ते आपल्या मॉड्यूलमध्ये येत नाही.

शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.