फलकावरचे ‘नाही’

गेली सत्तावीस वर्षे मी दवाखाना चालवते. या काळात माझ्या तोंडून सर्वाधिक वेळा निघालेला शब्द कोणता असेल, तर तो ‘नको’. लोणचे नको, पापड नको, जिना नको, थंडीतले पहाटेचे फिरणे नको. शब्द छोटा, सोयीचा आणि बहुतेक वेळा बरोबरही. पण तो ऐकताना समोरच्या वृद्ध माणसाच्या मनात काय होत असेल, याचा विचार मी क्वचितच केला होता. तो करण्याची वेळ माझ्यावर आली ती एका मनोरंजन उद्यानात, रोलर कोस्टरच्या रांगेत.

माझे मामा एसटीत चालक होते. साताऱ्याहून चिपळूणला जाणारी गाडी त्यांनी कुंभार्ली घाटातून कित्येक वर्षे नेली. बिनअपघात सेवेचा बिल्ला आजही त्यांच्या कपाटात बँकेच्या पासबुकांशेजारी जपून ठेवलेला आहे. त्या वेळी त्यांचे वय ६८ होते. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू होती आणि दाब आटोक्यात होता. मामी गेल्यापासून ते फारसे कुठे जात नसत. डिसेंबरच्या सुट्टीत त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवाने रोलर कोस्टरचा हट्ट धरला, तेव्हा मामा अनपेक्षितपणे म्हणाले, “मीही बसणार. जन्मभर लोकांना वळणांवरून नेलं. एकदा कुणीतरी मला न्यावं.” मामेभावाला कामावरून सुट्टी नव्हती, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले.

प्रवेशापाशीच पहिला अडथळा आला. उंची मोजण्याच्या पट्टीवर १४० सेंटीमीटरची खूण होती आणि नातू तिच्याखाली तीन बोटे राहत होता. तो टाचा उंचावून उभा राहिला. तिथल्या तरुणाने हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. “पण मी घाबरत नाही,” मुलगा रडवेला होऊन म्हणाला. त्याचे खरे होते. परंतु त्या खुणेचा धैर्याशी काही संबंध नसतो. गाडी उलटी होते, वळणावर कलते, तेव्हा माणसाला आसनात धरून ठेवतो तो खांद्यावरून किंवा मांड्यांवर येणारा अडसर. तो ठरावीक आकाराच्या शरीरासाठी बनवलेला असतो. शरीर लहान असेल तर अडसर लागल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. तरुणाने हे सारे त्या मुलाला आसनाचे चित्र दाखवून समजावले. मुलाचे डोळे पुसले गेले नाहीत, पण त्याने वाद घालणे थांबवले. मी त्याला जवळच्या छोट्या गाड्यांवर बसवून आणले. तेवढ्या वेळात मामा तो मोठा फलक वाचत उभे होते.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण अशा व्यक्तींनी बसू नये, असे त्यावर लिहिले होते. असे फलक सर्वच मोठ्या उद्यानांत असतात आणि त्यामागे अनुभव असतो. १८९५ साली अमेरिकेतील कोनी आयलंड येथे गोलाकार वेढा घालणारी गाडी सुरू झाली होती. त्या पूर्ण वर्तुळात शिरताना बसणाऱ्या हिसक्याने प्रवाशांच्या माना दुखावत आणि काही वर्षांतच ती गाडी बंद झाली. आज हे वेढे पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचे असतात, म्हणजे शरीरावरचा भार हळूहळू वाढतो. तरीही तो वाढतोच. वेगवान गाडी उतरणीच्या तळाशी पोहोचते तेव्हा आपले वजन क्षणभर तिप्पट-चौपट झाल्यासारखे वाटते आणि रक्त पायांकडे ओढले जाते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून लगेच सावरते. वय वाढले की ही प्रतिक्रिया मंदावते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती आणखी मंदावते. त्यातच नाडी वेगाने पळत असते. जर्मनीतील मानहाइमच्या डॉक्टरांनी ५५ निरोगी स्वयंसेवकांना रोलर कोस्टरमध्ये बसवून त्यांच्या हृदयाची नोंद घेतली होती. त्यांची नाडी सरासरी नव्वदीच्या आसपासून दीडशेच्या वर गेली. निरोगी हृदय हे हसत झेलते. रोहिणी अरुंद झालेल्या हृदयाला मात्र तेवढे रक्त मिळत नाही.

मला हे सारे माहीत होते. तरीही मामांनी वळून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “माझा दाब तर काबूत आहे ना गं?” तेव्हा मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी उत्साह दिसला होता, तो मला मोडवला नाही. छाती तपासली नाही, एक प्रश्नही विचारला नाही. दवाखान्यात रोज शंभर ‘नको’ म्हणणारी मी, घरच्या माणसाला ‘हो’ म्हणून मोकळी झाले. ते ‘हो’ माझ्या ‘नको’इतकेच आंधळे होते.

नातवाला माझ्या बहिणीच्या मुलीपाशी सोपवून आम्ही रांगेत उभे राहिलो. दीड तास गेला. समोर फक्त दोन फेऱ्यांची माणसे उरली असताना एक रिकामी गाडी चढावर अर्ध्यात थांबली. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली : ‘तांत्रिक कारणास्तव ही सफर बंद आहे.’ किती वेळ, का, पुन्हा सुरू होणार की नाही, काहीच सांगितले गेले नाही.

रांगेत एकच गलका झाला. आमच्या पुढे कोल्हापूरहून आलेले चार तरुण होते. नव्या-नव्या रोलर कोस्टरवर बसण्यासाठी ते सुट्ट्या जुळवून गावोगाव हिंडत. या गाडीसाठी ते दुसऱ्यांदा आले होते आणि दोन्ही वेळा ती बंद पडली होती. “तिकीट पूर्ण घेतात आणि कारण सांगत नाहीत,” त्यांच्यातला एक जण चिडून म्हणाला. त्याचा राग मला अगदी रास्त वाटला. गाडी थांबवल्याचा राग एकवेळ ओसरतो. आपल्याला काही सांगण्याच्या योग्यतेचे समजले नाही, हे मात्र माणसाला लागते.

त्यांना शांत केले ते मामांनी. कठड्यावर हात टेकून ते त्या मुलांना सांगू लागले, “हे बघा, तो रूळ टप्प्याटप्प्यांत वाटलेला असणार. एका टप्प्यात एकच गाडी. पुढचा टप्पा मोकळा आहे अशी खात्री पटली नाही, की यंत्र मागची गाडी आपोआप थांबवतं. आमच्या डेपोतही हाच नियम. ब्रेकचा जरा वेगळा आवाज आला, तर गाडी घाटात घालायची नाही. प्रवासी कितीही ओरडू देत. ओरडणारे प्रवासी संध्याकाळी घरी पोहोचतात, हे महत्त्वाचं.” रेल्वेच्या सिग्नलवरून त्यांनी बांधलेला हा अंदाज अगदी अचूक होता. रोलर कोस्टरची सुरक्षा याच तत्त्वावर उभी असते आणि अनेकदा ‘बंद’चे कारण मोठा बिघाड नसून एखाद्या संवेदकाने नोंदवलेली शंका असते. जोराचा वारा, पाऊस, विजांची शक्यता यांमुळेही गाडी थांबवली जाते. शंका आली की थांबायचे आणि मग पाहायचे, असा तो नियम. तरुण हसले. त्यांनी मामांना घाटातल्या गोष्टी विचारायला सुरुवात केली.

तासाभराने सफर त्या दिवसापुरती रद्द झाल्याचे कळले. आम्ही झाडाखालच्या बाकावर जाऊन बसलो. मामा गप्प होते. मी सहज म्हणाले, “वाईट वाटलं ना?” ते बराच वेळ त्या थांबलेल्या गाडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एका अर्थी बरंच झालं. वर चढताना मला भीती वाटलीच असती.”

“कसली भीती?”

“हल्ली तिसऱ्या मजल्यावर चढलं की छाती भरून येते. जबडा ओढल्यासारखा होतो. जरा थांबलं की जातं.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

म्हणजे तीन महिने. या तीन महिन्यांत मी त्यांचा रक्तदाब चार वेळा मोजला होता. दर वेळी त्यांनी ‘सगळं ठीक’ म्हटले होते आणि दर वेळी मी ते मान्य केले होते. माझा आवाज थोडा चढला, “मामा, ब्रेकचा आवाज बदलला तर तुम्ही गाडी डेपोत लावायचात. आणि हे मला सांगितलं नाहीत?”

त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “डेपोत सांगितलं की गाडी दुरुस्त होऊन परत मिळायची. तुला सांगितलं असतं तर तू जिना बंद केला असतास, बाजार बंद केला असतास, हे येणंही बंद केलं असतंस. परत काय मिळालं असतं?”

मला उत्तर सुचले नाही. आजही ते वाक्य आठवले की मी खुर्चीत जरा सावरून बसते.

दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला. दोन दिवसांत हृदयरोगतज्ज्ञांनी अँजिओग्राफी केली. दोन रोहिण्यांत मोठे अडथळे होते. स्टेंट बसवले गेले. त्या दिवशी गाडी सुरू असती तर कदाचित काहीच झाले नसते. ‘बंद पडलेल्या गाडीने जीव वाचवला’ असे नातेवाईक म्हणतात, मी म्हणत नाही. त्या बंद गाडीने आम्हाला दोन तास शेजारी बसवले आणि एका माणसाला बोलते केले, एवढे मात्र निश्चित. दवाखान्यातल्या माझ्या पाच मिनिटांना ते जमले नव्हते.

त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. ‘नको’ म्हणताना कारण सांगायचे, ते किती दिवसांसाठी आहे ते सांगायचे आणि त्याच्या जागी काय चालेल तेही सांगायचे. त्या तरुणाने नऊ वर्षांच्या मुलाला आसनाचे चित्र दाखवून जे केले, तेच. उलट कारण न देता केलेली ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ ही घोषणा आपण घरातल्या वृद्धांना दिवसातून किती वेळा ऐकवतो, हे एकदा मोजून पाहावे. अशा घरात माणसे नियम पाळत नाहीत. ती लक्षणे लपवायला शिकतात.

आता उद्यानात जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. वय हा एकच निकष नसतो. शरीर काय सांगते ते पाहावे. हृदयविकार असलेल्यांनी, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी वेगवान सफरी टाळाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही टाळाव्यात; वाढत्या वयात मेंदू किंचित आकसतो, त्याच्या आवरणाजवळच्या शिरा ताणलेल्या असतात आणि हिसक्याने तिथे रक्तस्राव होऊ शकतो. हाडे ठिसूळ झालेल्यांना मणक्याच्या अस्थिभंगाचा धोका असतो. मानेचा स्पाँडिलोसिस, चक्कर येण्याचा विकार, डोळ्यांची अलीकडची शस्त्रक्रिया यांतही हेच लागू. संथ होड्या, छोटी रेल्वे, बागेतील फेरी यांचा आनंद मात्र बहुतेकांना घेता येतो. काळजी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी उंचीचे नियम आणि कोणत्या सफरी बंद आहेत याची चौकशी करावी. एकाच सफरीचे वचन मुलांना किंवा आजोबांना देऊ नये. रांगेत वृद्धांना उभे न ठेवता सावलीत बसवावे. पाणी आणि औषधांची चिठ्ठी जवळ ठेवावी. आणि चढताना छाती, जबडा, खांदा किंवा डाव्या हातात दाटून येणे, थांबल्यावर बरे वाटणे, हे लक्षण कुणी सांगितले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. विश्रांतीतही ते थांबत नसेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ते सांगणाऱ्यावर रागावू मात्र नये. मी रागावले होते, ती माझी चूक होती.

वर्षाने नातवाची उंची भरली. आम्ही पुन्हा गेलो. मामांनी फलक पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि स्वतःहून बाकावर जाऊन बसले. नातवाचा चष्मा आणि चपला त्यांच्या मांडीवर होत्या. त्या दिवशी गाडी सुरू होती. मुलगा खाली उतरून धावत आला, तेव्हा घाबरलास का, मजा आली का, असे काहीच त्यांनी विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “ब्रेक कसे लागतात रे?”

मग दोघे हातात हात घालून छोट्या रेल्वेकडे निघाले. जाताना मामा वळून मला म्हणाले, “ही चालेल ना?” मी या वेळी आधी प्रश्न विचारले, आणि मगच ‘हो’ म्हटले.