पाच मिनिटांवरचा दवाखाना

हैदराबादेत एप्रिल २०१८ मध्ये पहिले बस्ती दवाखाने सुरू झाले. कल्पना दिल्लीच्या मोहल्ला क्लिनिकसारखी. दोन-तीन खोल्या, एक डॉक्टर, एक नर्स, एक मदतनीस. तपासणी आणि औषधे मोफत. रक्ताचे नमुने तिथेच घेतात आणि सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवतात. तिचे मुख्य केंद्र नारायणगुड्याला आहे, म्हणजे आपल्या काचीगुडा-सुलतान बाजारच्या मराठी घरांपासून अगदी जवळ.

तरीही आपल्यापैकी बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. 'ते गरिबांसाठी असतं' असे म्हणून आपण कॉर्पोरेट हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतो. आमच्या घरात हा समज मोडला तो आत्यामुळे. ती काचीगुड्याला एकटी राहते, वय एकाहत्तर. माझ्या कंपनीच्या विम्यात आई-बाबा बसतात, आत्या बसत नाही. बसली असती तरी तो विमा ॲडमिट झाल्यावरचा. रोजच्या गोळीला त्याचा काय उपयोग?

गुडघा दुखतो म्हणून ती शेजारणीबरोबर बस्ती दवाखान्यात गेली. नर्सने आधी बीपी मोजले. १७० वर १०० निघाले. आत्याला ना चक्कर, ना डोकेदुखी. रक्तदाबाचे हेच वाईट आहे, तो दुखत नाही. एके दिवशी थेट पक्षाघात किंवा हृदयविकार घेऊन येतो. आज दोन वर्षे ती नियमित गोळी घेते आणि बीपी आटोक्यात आहे. मी फोनवर विचारले, "आत्या, मोठ्या डॉक्टरांना दाखवू या का?" ती म्हणाली, "अरे, तुझा मोठा डॉक्टर दीड तास बसवून ठेवतो. इथे मी चपला घालून निघते आणि कुकर लावायच्या आत परत येते."

मला वाटते, यातच सगळे आले. सॉफ्टवेअरमध्ये चूक जितक्या लवकर सापडते, तितकी स्वस्तात सुटते. शरीराचेही तसेच. पण लवकर सापडायची तर तपासणी चालत जाता येईल इतकी जवळ हवी.

गोळी मात्र अर्धेच काम करते. उरलेले अर्धे ताटात आणि रस्त्यावर आहे. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून जास्त धान्यातून नकोत, आणि मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे. आपला दोन वेळचा भाताचा डोंगर, वर लोणचे आणि पापड, यात कसा बसायचा? आत्याने रात्रीचा भात सोडून ज्वारीची भाकरी धरली. तिला ते जडही गेले नाही, कारण तिचे माहेरचे जेवण तेच होते. इथे संध्याकाळी रस्त्याकडेला बायका 'जोन्न रोट्टे' भाजतात, तीही आपली ज्वारीची भाकरीच.

चालण्याचे मात्र अडते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. आत्याच्या गल्लीतून बागेपर्यंत जायचे तर फुटपाथवर गाड्या उभ्या, उरलेल्या जागेत खड्डे. बागेत ओपन जिम आहे, रंगीत यंत्रे आहेत; पण एकाहत्तर वर्षांच्या बाईला तिथवर सुखरूप पोहोचता आले तर त्यांचा उपयोग. आरोग्यावरचा खर्च मोजताना फुटपाथही त्यात धरायला हवा, असे मला आता ठामपणे वाटते.

आपल्या पिढीने एवढे करावे. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाचे बीपी आणि साखर या महिन्यात मोजून घ्यावी. जवळचा बस्ती दवाखाना कुठे आहे ते बघून ठेवावे. आणि वॉर्डातल्या नगरसेवकाकडे किंवा अधिकाऱ्याकडे फुटपाथची तक्रार फोटोसकट नोंदवावी. तक्रार एकट्याने केली तर पडून राहते. एका गल्लीतल्या दहा घरांनी केली, तर कुणीतरी बघायला तरी येते.