एसी, कोठीचा सिग्नल आणि एक बादली पाणी

पणजीहून हैदराबादला बदली झाली तेव्हा गाडीही सोबत आणली. इथे मे महिन्यात पारा सहज ४० ओलांडतो आणि मागच्या सीटवर दम्याची आई. त्यामुळे ‘पंधरा मिनिटं गार, मग गरम वारा’ हा आमच्या एसीचा खेळ थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

एका गॅरेजवाल्याने (नाव नको!) दोनदा गॅस भरला. ‘गॅस कम हो गया, साब.’ अहो, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, जळून संपायला? तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. आत बाष्प होताना गाडीतली उष्णता घेतो, पुढच्या कंडेन्सरच्या जाळीत द्रव होताना ती बाहेर टाकतो. कमी झाला असेल तर तो कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायला हवी. आणि जास्त भरला तरी दाब वाढून कॉम्प्रेसर बंद पडतोच.

मग कारकुनाला जमतं ते केलं, नोंदी ठेवल्या. एसी दम तोडायचा तो कोठीच्या गर्दीत. मेहदीपट्टणमहून एक्स्प्रेसवेवर चढलो की थोड्या वेळात पुन्हा गार! म्हणजे धावताना जाळीला वारा मिळत होता, उभ्या गाडीत मिळत नव्हता.

राणीगंजच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला वही दाखवली. त्याने काही न उघडता, इंजिन चालू ठेवून जाळीवर बादलीभर पाणी ओतलं. ‘टक्’ आवाज झाला, कॉम्प्रेसर लागला, आत गारवा. वाळ्याच्या ओल्या पडद्यांचंच हे तत्त्व. आमच्या गोव्याच्या दमट हवेत ते पडदे कुचकामी. जाळीमागचा पंखाच फिरत नव्हता, त्याचा रिले गेलेला.

हमरस्त्यावरही गारवा जात असेल तर गोष्ट वेगळी. वाराच मंदावला तर आतल्या कॉइलवर बर्फ धरलाय, थर्मोस्टॅट बघा. वारा जोरात पण गरम, आणि थोडी विश्रांती दिल्यावर पुन्हा गार होत असेल, तर नळ्यांतलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठत असेल. तेव्हा ड्रायर बदलून, व्हॅक्यूम करूनच गॅस भरायचा.

मिस्त्रीने रिले बदलला, सगळा गॅस काढून बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच पुन्हा भरला. त्या संध्याकाळी कोठीच्या सिग्नलवर आईने शाल मागितली.