घाट नर्मदेचा, नाते समुद्राशी

संध्याकाळची आरती सुरू झाली की जबलपूरच्या ग्वारीघाटावर एकच लगबग उडते. पानांच्या द्रोणात चार फुले, मधोमध तेवणारी वात. असे दिवे विकणाऱ्या बायका पायऱ्यापायऱ्यांवर बसलेल्या असतात. कुणी नव्या सुनेला घेऊन आलेले असते, कुणी नातवाच्या हातून दिवा सोडवत असते. नावाडी पलीकडे जाणाऱ्यांना हाका मारत असतात. समोरच्या काठावर गुरू नानकांची आठवण जपणारा गुरुद्वारा आहे. आरतीला आलेले आणि मत्था टेकायला निघालेले बऱ्याचदा एकाच नावेत बसतात. नावाडी जातपात विचारत नाही. नाव एका बाजूला कलू नये, एवढेच तो पाहतो.

जबलपूरला समुद्र नाही. पण इथल्या पाण्याची वाट समुद्राकडेच जाते. अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १,३१२ किलोमीटरचा प्रवास करून गुजरातेत भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. उगमापासून ४०४ किलोमीटरवर, भेडाघाटजवळ, ती धुवांधार धबधब्यातून उडी घेते. तिथून पुढे संगमरवराच्या उंच कड्यांमधून तिचे पात्र इतके अरुंद होते की नावेतला माणूस मान वर करूनच पाहत राहतो. इथले नावाडी वल्ही मारता मारता यमक जुळवून कड्यांची वर्णने ऐकवतात. पर्यटक हसतात, टाळ्या देतात. मात्र या प्रवाहाला पुढे आणखी नऊशे किलोमीटर जायचे आहे, याची आठवण फार थोड्यांना होते.

ती आठवण जागी ठेवली जबलपूरच्याच अमृतलाल वेगड यांनी. कच्छी कुटुंबात जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले हे चित्रकार १९७७ मध्ये पाठीवर सामान टाकून नर्मदाकाठाने चालू लागले. पहिला टप्पा होता जबलपूर ते मंडला. पुढे पंचाहत्तरी गाठली तरी त्यांचे चालणे सुरूच होते. त्यांच्या गुजराती प्रवासवर्णनाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. ते १९७७ मध्ये ज्या वाटेने गेले, तिचा बराचसा भाग आज मात्र कुणालाच चालता येणार नाही. ती वाट बरगी धरणाच्या पाण्याखाली गेली आहे.

वाटेबरोबर गावेही गेली. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची झळ जबलपूर, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांतल्या १६२ गावांना बसली. त्यांत गोंड आदिवासी मोठ्या संख्येने होते. शेत पाण्याखाली आणि त्या पाण्यातले मासे मात्र दुसऱ्याचे, अशी त्यांची गत झाली. लोक संघटित झाले, झगडले. अखेर १९९४ मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संघाला मिळाला. नांगर धरणाऱ्या हातांनी जाळे धरले.

नर्मदेची उपनदी तवा. तिच्यावरच्या धरणाच्या विस्थापितांनाही १९९६ मध्ये असाच हक्क मिळाला. त्यांच्या तवा मत्स्य संघाने मत्स्यबीज सोडले, माशांच्या विणीच्या काळात जाळी बंद ठेवली, चोरट्या मासेमारीवर पहारा बसवला. मासे टिकले तरच आपली चूल पेटेल, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पण बरगीचा हक्क काही वर्षांतच संघाच्या हातून गेला. तव्याच्या संघाची मुदत २००६ च्या अखेरीस संपली आणि वन्यजीव संरक्षणाच्या नियमांपुढे ती वाढवून मिळाली नाही. पाण्याची राखण करणारेच राखणीच्या नावाखाली बाहेर राहिले!

हाच प्रश्न नदीच्या दुसऱ्या टोकालाही आहे. बंगाली ज्याला इलिश म्हणतात, तो आपल्याकडचा पाला मासा पावसाळ्यात अंडी घालायला समुद्रातून नर्मदेच्या गोड्या पाण्यात शिरतो. भरूचच्या मच्छीमारांचे वर्षाचे गणित त्याच्यावर असते. वरच्या धरणांमुळे गोडे पाणी कमी झाले, खारे पाणी आत सरकले आणि हा मासा घटला. त्यातच भाडभूतजवळ मोठा बंधारा बांधायचे ठरले. २०१७ मध्ये त्याची पायाभरणी झाली. खारे पाणी अडवायला तो हवा, असे सरकार म्हणते. माशाची वाटच बंद होईल, असे मच्छीमार म्हणतात. आपले म्हणणे आधी ऐकून घ्यायला हवे होते, हे त्यांचे दुखणे आहे.

परिक्रमावासीयांना हे मच्छीमार चांगले ठाऊक आहेत. नर्मदा ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. त्यामुळे मुखापाशी विमलेश्वरच्या परिसरातून मिठी तलाईपर्यंतचा टप्पा समुद्रातून नावेने करावा लागतो. तिथे भरती-ओहोटीचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याच्या स्वाधीन व्हायचे असते. सुशिक्षित शहरी यात्रेकरूही तिथे निमूटपणे नावाड्याचे ऐकतो.

समुद्र वाचवण्याच्या कामातही असे ऐकणे हवे. कोकणातला कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतो आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून मगच पुन्हा पाण्यात उतरतो. माशांना वाढायला उसंत देणारी ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. लहान मच्छीमारांना निर्णयात वाटा द्यावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांतही २०१४ पासून नमूद आहे. कागदावर आलेले काठावर यायचे आहे, एवढेच.

जबलपूरला मुंबईहून इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात भेडाघाटचे नौकानयन बंद असते. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. एक संध्याकाळ मात्र ग्वारीघाटासाठी राखून ठेवावी. दिवा सोडायचाच तर पानाच्या द्रोणातला सोडावा, प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात जाऊ देऊ नये आणि नावेत बसल्यावर नावाड्याशी दोन शब्द बोलावेत. यंदा पाणी कसे आहे, मासे कसे आहेत, एवढे जरी विचारले तरी तो वल्हे थांबवून सांगू लागतो. असे विचारणारे त्याला फारसे भेटत नाहीत.