तीनचं घर

सर्वेक्षण टॅबवर आलं आणि समासात खरडायची माझी सोय गेली. बेळगावच्या उद्यमबागेत शिफ्ट सुटताना माणूस गाठायचा, एक ते पाचमधला आकडा घ्यायचा, पुढचा प्रश्न. बाकी सगळं निभतं. अडतं ते तीनपाशी.

परवा आमची नवी मुलगी मशीनशॉपमधल्या एका मावशींशी बोलत होती. बेळगाव महाराष्ट्रात जावं? ‘जायलाच पाहिजे की!’ आणि कर्नाटक सरकारची शक्ती योजना, बायकांना फुकट बस? ‘ती तेवढी बंद करू नका, सांगून ठेवते.’ एक उत्तर महाराष्ट्राच्या टोकाला, दुसरं कर्नाटकाच्या टोकाला, सरासरी तीन. त्याच शॉपच्या मालकांनी बिलांतून मान वर न काढता प्रत्येक प्रश्नाला ‘चालतंय की’ म्हटलं. त्यांचेही तीन. मुलगी म्हणाली, ‘सर, दोघंही मध्यममार्गी!’

मावशींकडे दोन ठाम मतं, मालकांकडे एकही नाही. शिवाय सुपरवायझर शेजारी उभा आहे म्हणून तीन सांगणारा वेगळाच. ‘मत नाही’ असं स्वतंत्र घर देऊन बघितलं, तर निम्मी माणसं तिथेच जाऊन बसतात. प्रश्नागणिक उत्तरं वेगळी ठेवा म्हणावं, तर गिऱ्हाइकाला एकच आकडा हवा.

बेंगळुरूहून फोन फिरवणारे त्याहून धन्य. ते निवडणुकीत पडलेल्या मतांवरूनच भूमिका काढतात. बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ला दोन आमदार, २०१८ आणि २०२३ला शून्य. म्हणजे सीमाप्रश्न संपला! मग २०२१च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला लाखावर मतं पडली, ती कुठून आली? गोव्याने १६ जानेवारी १९६७ला जनमत कौलात महाराष्ट्रातलं विलीनीकरण नाकारलं आणि मार्चमध्ये विलीनीकरणवाल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा निवडून दिलं. गोव्याला निदान सरळ विचारलं तरी. आमच्या वाट्याला सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग आला.

माणूस ‘हं’ कसा म्हणतो यावरून त्याचा आकडा ओळखतो, अशी माझीही घमेंड आहे. समासात ‘ठाम’, ‘भ्यालेला’, ‘कंटाळलेला’ लिहायचो ते निम्मं वरच्यांनी वाचून वाहवा करावी म्हणूनच.

त्या मुलीने आता प्रत्येक उत्तरामागे एक प्रश्न जोडलाय: ‘यापायी नेहमीचा पक्ष सोडाल?’ मावशी दोन्ही वेळा ‘हो’ म्हणाल्या, मालक एकदाही नाही. भ्यालेल्याचं कोडं तसंच आहे, पण हे दोघं तरी वेगळे झाले. प्रश्न चांगला आहे. मला सुचला नव्हता, म्हणून अजून मनापासून आवडलेला नाही.