पुण्याहून, चाऱ्याच्या कामावरून

शिवाजीनगर, सोमवार रात्र

ती. आईस, सा. न.

पोचलो. थंडीनं बोटं वळत नाहीत, म्हणून अक्षर असं. लॉजवाल्याकडे दुसरी रजई मागितली तर पन्नास रुपये जादा म्हणाला. वर आधारची झेरॉक्स परत आणायला लावली, का तर पहिल्या प्रतीत चेहरा काळा आला होता. चेहरा आहेच काळा, म्हटलं. हसला नाही. मिसळ खाल्ली, गोडमिट्ट; जादा पावाचे पैसे वेगळे. शनिवारवाडा रिक्षातून दिसला. चंद्री चारा खाते का?

बुधवार, निजताना

आज उरुळी कांचनला जाऊन आलो, मणिभाई देसाईंनी १९६७ साली काढलेल्या बाएफ संस्थेत. आबांनी विचारलेलं ते गहू-राय संकराचं गवत, म्हणजे ट्रिटिकेल, त्याचा उलगडा प्रशिक्षणात एका मॅडमनी केला.

आपल्या विहिरीकडचं 'फुले जयवंत' गवत म्हणजे बाजरी आणि हत्तीगवताचं लेकरू. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्तीगवताची २८, दोघांकडून निम्मी येऊन लेकराला २१. त्यांच्या जोड्या जमत नाहीत, बी धरत नाही. आपण कांड्या लावतो, काम भागतं. बन्सी जातीच्या गव्हाची २८, रायची १४, त्यांचंही लेकरू २१चं आणि वांझ. पण गव्हाच्या कांड्या कशा लावणार? १९३७च्या सुमारास कोल्चिसिन या रसायनानं गुणसूत्रं दुप्पट करायची युक्ती सापडली, ४२ झाली, तेव्हा कुठं बी धरू लागलं. पुढं पिढ्यान् पिढ्या निवड. दाण्यासाठी भरलेलं कणीस हवं. चाऱ्यासाठी पान भरपूर, फुटवे जास्त आणि कुसळ नको, जनावराचं तोंड सोलतं. लुधियानाच्या विद्यापीठानं टीएल २९०८ वाण काढला तो पंजाबाकडच्या हिवाळ्यासाठी. आपला हिवाळा म्हणजे रात्री रजई आणि दुपारी घाम. आणि लवकर संपतो.

शुक्रवार, स्वारगेट

गाडी लागायची आहे, चहा पंचवीस रुपयांना आणि पाण्यासारखा पातळ. आबांना सांग, ट्रिटिकेलचा नाद यंदा नको. ओट लावू, राहुरी विद्यापीठाचा 'फुले हरिता'. जयवंतच्या कांड्यांसाठी नानांशी बोल, बांधाकडे पट्टी त्यांनाही लावायची होती. आणि बाजारात कुणी ट्रिटिकेलचं बी म्हणून सुटी पुडी दिली, तर पिशवीवरचा टॅग बघा, पावती मागा. नसेल तर घेऊ नका.

तुझा,
बाळू