गरम पाणी आणा

१.
विमा कंपनीकडून खोकं आलं. आत गादीवर पसरायचे जलरोधक कागद, निर्जंतुक पट्ट्या, नाळेचा चिमटा, सत्तर टक्के अल्कोहोलची बाटली, मोठाले पॅड. भाची नेदरलँड्समध्ये असते, ॲमस्टरडॅमच्या शेजारी. घरीच बाळंत व्हायचं ठरवलंय. खोक्याचा फोटो तिने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले, बाकी सगळे गप्प.

२.
ताई (भाचीची आई): ‘‘तिथे दवाखाने नाहीत का गं?’’

३.
आपल्याकडे दाईंना द्यायचं पाकीट: नवं ब्लेड, दोरा, साबण, प्लास्टिकचा कागद. सोबत पाठ करायच्या पाच स्वच्छता: हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ. शेवटची सगळ्यात अवघड, कारण तिच्यात काहीच करायचं नसतं. राख नाही, हळद नाही, तेल नाही, शेण तर नाहीच.

४.
जननी सुरक्षा योजना, २००५ पासून. महाराष्ट्रातल्या खेड्यात दारिद्र्यरेषेखालची बाई सरकारी दवाखान्यात बाळंत झाली तर ७०० रुपये, घरी झाली तर ५००.
नेदरलँड्समध्ये सगळं ठीक असताना हौसेने हॉस्पिटल निवडलंत, तर वरचे पैसे तुम्ही भरायचे. घरी फुकट.

५.
डच सुईणीची अट: पलंग जमिनीपासून ७०-८० सेंटिमीटर उंच हवा. वाकून वाकून तिची आणि नर्सची पाठ जायला नको. म्हणून पायांखाली ठोकळे.
आमच्याकडे बाळंतिणीची बाजही उंच लागायची. खाली शेगडी सरकवायची असे.

६.
पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि पेन. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते.
नाळेवाटे शिरलेला धनुर्वात पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसायचा. बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं भारतात २०१५ साली जाहीर झालं.
कोरा कागद अजून ठेवतात.

७.
पुण्यातला नैसर्गिक प्रसूतीचा वर्ग. मलासन, मोठा चेंडू, मंद संगीत. आजी सांगायची, उकिडवं बसून फरशी पूस. गुडघे दोन्हीकडे तेवढेच दुखतात. वर्गात फरशी दुसरी बाई पुसते.

८.
व्हिक्टोरिया राणीची नऊच्या नऊ बाळंतपणं घरी, म्हणजे राजवाड्यांत. आठव्या खेपेला, १८५३ साली, तिने क्लोरोफॉर्म घेतला. द्यायला डॉ. जॉन स्नो आले होते. राणीला ते औषध फार आवडलं.

९.
‘नॅचरल चाइल्डबर्थ’ हे पुस्तक १९३३ साली निघालं. लेखक डॉ. ग्रँटली डिक-रीड. पुरुष.

१०.
आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. मूल दहा दिवस जगलं. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय: आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र.

११.
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१. भारतातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरातल्या १४ बाळंतपणांत सिझेरियन, खासगीत ४७.

१२.
एका प्रसूतिगृहाच्या बाकावर ऐकलेलं. सासूबाई: ‘‘नॉर्मलच होऊ दे बाई. पण गुरुवारी दुपारी बाराच्या आत.’’

१३.
गडचिरोली. अनेक दाईंना बारापुढे मोजता येत नव्हतं आणि न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजायला हवेत. अभय आणि राणी बंग यांनी त्यांच्यासाठी एक साधन केलं: वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर बाळ आजारी.
पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला झोळीत घालून वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. हजारी ६२ नवजात बाळं दगावायची, ती २५ वर आली. बाळंतपणं बहुतेक घरीच होत होती.

१४.
जुन्या सिनेमात सुईण दाराची फट उघडून ओरडते, ‘‘गरम पाणी आणा!’’ पुरुष धावतात. पाण्याचं पुढे काय होतं, ते एकाही सिनेमात दाखवलेलं नाही.
डच यादीत आहे: गरम पाण्याच्या दोन बाटल्या, पाळणा उबदार ठेवायला.

१५.
गडचिरोलीतच भामरागडकडे पावसात नाले भरले की गावं तुटतात. कळा सुरू झालेल्या बाईला माणसं खाटेवर घेऊन निघतात. यावर सरकारी तोड म्हणजे ‘माहेरघर’: आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली. तारखेच्या आधी काही दिवस येऊन राहायचं. मागे गुरंढोरं, शेत, आधीची पोरं. बाई म्हणते, नंतर येते.

१६.
बाहेरून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप त्यात येतं. डिंकाचा लाडू येतो का, हे ताईने कुणाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही म्हणते.

१७.
नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर एक प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. बाळाचं वजन, आईचा ताप, टाके, दूध पाजायला शिकवणं. शिवाय न्हाणीघर धुते आणि पाहुण्यांना चहा करून देते. पाहुण्यांना रस्कवर लोणी आणि त्यावर साखरेत घोळलेले बडीशेपेसारखे दाणे.
हे ऐकून ताईचा चेहरा उतरला. लगेच सावरली: ‘‘तेल कोण लावणार?’’

१८.
तिथे घरी बाळंत व्हायच्या अटी: ३७ आठवडे पुरे हवेत, ४२ उलटलेले नकोत. रक्तदाब वाढलेला नको. जुळं नको. बाळ पायाळू नको. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवता यायला हवं. हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी हवी.
यात ‘नैसर्गिक’ हा शब्द कुठेच नाही.

१९.
इंग्लंडमधला मोठा अभ्यास, २०११. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या ४५ जणींना कळा सुरू असताना किंवा बाळंतपणानंतर लगेच हॉस्पिटलात हलवावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांपैकी १२. पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका थोडा जास्त निघाला. पुढच्या खेपांना फरक दिसला नाही.
भाचीची पहिलीच खेप. आकडे तिनेच मला पाठवले. सोबत हॉस्पिटलचा नकाशा: सायकलने दहा मिनिटं.

२०.
व्हिडिओ कॉलवर ताई आणि सुईण. भाची दुभाषी.
ताई: ‘‘विचार तिला, तिची स्वतःची कुठे झाली?’’
सुईण: ‘‘पहिलं हॉस्पिटलात. दुसरं घरी.’’
ताई: ‘‘बाई खरं बोलते.’’

२१.
जावयाने ठोकळे आणून पलंग चढवला. ठोकळे ठरावीक मुदतीसाठीच मिळतात. परत करायची तारीख पावतीवर पक्की छापलेली आहे. बाळाची अंदाजे.